ट्रकचा टायर, घोडबंदरचा रस्ता आणि ठाण्याची खाडी

पावसाळ्यात घोडबंदर रस्त्याची चाळण झाली, की ठाण्यात दोन मते हमखास ऐकू येतात. एका मताप्रमाणे सगळा दोष ठेकेदाराचा आणि दुसऱ्या मताप्रमाणे सगळा दोष अवजड वाहनांचा. मग गायमुख घाटाच्या दुरुस्तीसाठी वाहतूक वळवली जाते, ट्रकना दिवसा शहरात येण्यास मनाई होते, त्यांच्या रांगा खारेगाव, मुंब्रा बाह्यवळण, शिळफाटा अशा मागे मागे सरकत जातात आणि पुढच्या पावसाळ्यात तोच वाद नव्याने सुरू होतो. ट्रकचा जो भाग रस्त्याला प्रत्यक्ष टेकतो, त्या टायरबद्दल मात्र या वादात फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक ट्रक किती डिझेल पितो, रस्ता किती वर्षे टिकतो आणि रबराची किती भुकटी आपल्या नाल्यांतून खाडीत उतरते, या तिन्ही गोष्टी बऱ्याच अंशी टायरच्या रचनेवर, त्यातल्या हवेवर आणि त्याच्यावर लादलेल्या वजनावर ठरतात. अडचण अशी, की टायर विकत घेणारा माणूस यांतल्या फक्त पहिल्या गोष्टीचा खर्च सोसतो. उरलेल्या दोन्हींचा भार दुसऱ्यांच्या माथी पडतो.

ठाणे आणि नवी मुंबईकरांना हा विषय टाळता येण्यासारखा नाही. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेवा बंदरातून २०२४-२५ या वर्षात, वीस फुटी कंटेनरच्या मापाने मोजले तर, सुमारे ७३ लाख कंटेनरांची ने-आण झाली आणि त्यांतले बहुसंख्य रस्त्यानेच आले-गेले. भिवंडीची गोदामे, कळंबोलीचा लोखंड बाजार, वाशीचे घाऊक मार्केट, महापे-रबाळ्याचे कारखाने यांचा मालही त्याच रस्त्यांवरून फिरतो आणि बंदरातून गुजरातकडे निघालेला ट्रेलर माजिवड्याला वळून थेट आपल्या वस्त्यांमधून जातो.

रस्त्याला टेकतो तो भाग केवढा?

सुरुवात एका साध्या हिशेबाने करू. पंक्चरवाला ज्याला ‘पौंड’ म्हणतो, तो म्हणजे दर चौरस इंचावर पडणारा हवेचा दाब. मोटारीच्या टायरमध्ये तो तीस-पस्तीस पौंड असतो, तर भरलेल्या ट्रकच्या टायरमध्ये शंभर ते एकशे वीस पौंड. टायर स्वतःच्या ताकदीवर वजन पेलत नाही; वजन पेलते ती आतली हवा, टायर फक्त तिला धरून ठेवतो. त्यामुळे टायर रस्त्यावर जो दाब देतो, तो साधारण आतल्या हवेच्या दाबाएवढाच असतो.

सध्याच्या नियमाप्रमाणे चार टायर असलेल्या एका एक्सलवर, म्हणजे दोन्ही बाजूंची चाके जोडणाऱ्या आडव्या दांड्यावर, साडेअकरा टन भार चालतो, म्हणजे प्रत्येक टायरवर जवळजवळ तीन टन. एकशे वीस पौंड हवा असेल, तर हे तीन टन सुमारे बावीस सेंटिमीटर रुंद आणि पंधरा-सोळा सेंटिमीटर लांब एवढ्याच जागेवर उभे असतात. बंदरातून निघालेला बावीस टायरांचा, पंचावन्न टनांचा ट्रेलर घेतला, तर त्याचे सगळे टायर मिळून रस्त्याला टेकलेली जागा एक चौरस मीटरसुद्धा भरत नाही. ब्रेक लागणे, चढावर जोर लागणे, वळणावर गाडी धरून राहणे आणि पावसात घसरू न देणे, ही सगळी कामे तेवढ्याच जागेत होतात. टायरच्या रचनेतला लहानसा फरक महागात किंवा फायद्यात पडतो तो यामुळे.

डिझेल टायरमध्ये कसे जिरते

हवा कमी झालेली सायकल चालवली असेल त्याला पुढचा मुद्दा पायांनीच ठाऊक आहे. रस्ता तोच, सायकल तीच, पण पेडल मारताना कोणीतरी मागून ओढल्यासारखे वाटते. कारण टायरचा जो भाग खाली येतो तो वजनाने चपटा होतो आणि वर जाताना पुन्हा गोल होतो. रबराला वाकवायला जेवढी शक्ती लागली, तेवढी सगळी ते परत देत नाही आणि उरलेली उष्णता होऊन निघून जाते. या अडवणुकीला तंत्रज्ञ ‘रोलिंग रेझिस्टन्स’ म्हणतात. आपण तिला चाकाचा विरोध म्हणू.

ट्रकचे चाक एका किलोमीटरमध्ये तीनशेहून अधिक वेळा फिरते, म्हणजे टायरचा प्रत्येक तुकडा तेवढ्या वेळा चपटा होतो आणि सुटतो. चांगल्या रेडियल ट्रक टायरचा (ही रचना काय ते पुढे येईलच) विरोध दर टनामागे सहा किलोच्या आसपास धरता येतो आणि साधारण टायरचा आठ किलोच्या. चाळीस टनांच्या ट्रेलरला हा फरक ऐंशी किलोचा पडतो. म्हणजे सपाट रस्त्यावरही इंजिनाला ऐंशी किलोची जादा ओढ सतत द्यावी लागते. डिझेलमधल्या शक्तीपैकी साधारण चाळीस टक्केच चाकापर्यंत पोहोचते हे धरून हिशेब केला, तर शंभर किलोमीटरमागे पाच लिटरहून थोडे अधिक डिझेल या एका फरकापायी जळते. लिटरला नव्वद रुपये धरले, तर न्हावाशेवा ते नाशिक अशा दोनेकशे किलोमीटरच्या एका भरलेल्या फेरीत नऊशे-हजार रुपये झाले. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे त्याच फेरीत जवळजवळ तीस किलो. प्रत्यक्षात घाट, सिग्नल आणि रांगा यांमुळे आकडे बदलतील, पण फरकाची दिशा बदलणार नाही.

शिवाय आपल्याकडे ट्रक युरोप-अमेरिकेतल्यापेक्षा हळू चालतात. वाऱ्याचा विरोध वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, चाकाचा विरोध मात्र कमी वेगातही जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे आपल्या ट्रकच्या डिझेल खर्चात टायरचा वाटा तिकडच्यापेक्षा मोठा असतो.

जुने चालक सांगतात, की टायर गुळगुळीत झाला की गाडी हलकी पळते आणि ॲव्हरेज सुधारतो. ते खरे आहे. वाकायला रबरच कमी उरले, की उष्णताही कमी तयार होते. पण पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचाही त्याच वेळी संपलेल्या असतात आणि पावसाळ्यात मुंब्रा बाह्यवळणाच्या उतारावर हा वाचलेला लिटरभर डिझेलचा हिशेब भलत्या भावात पडू शकतो.

नायलॉन आणि रेडियल

टायरच्या रबराखाली धाग्यांचा सांगाडा असतो. व्यवहारात त्याला केसिंग म्हणतात. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये नायलॉनच्या धाग्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात, म्हणून त्याला ‘नायलॉन’ टायर म्हणण्याचा प्रघात पडला. रेडियल टायरमध्ये धागे, आणि ट्रकच्या बाबतीत बहुधा पोलादी तारा, सरळ आडव्या जातात आणि रस्त्याला लागणाऱ्या भागाखाली पोलादी पट्ट्यांचा वेगळा थर असतो. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने या रचनेचे पेटंट १९४६ मध्ये घेतले.

नायलॉन टायरची बाजू वाकली, की तिरप्या थरांमुळे खालचा तळही तिच्याबरोबर ओढला जातो आणि रस्त्यावर घासतो. रेडियलमध्ये बाजू आपली वाकते आणि तळ मात्र पोलादी पट्ट्यांमुळे रस्त्यावर सपाट बसून राहतो. घासणे कमी, तापणे कमी, म्हणून डिझेल कमी आणि टायरही जास्त किलोमीटर चालतो.

एवढे फायदे असूनही आपल्या ट्रकवाल्यांनी रेडियल स्वीकारायला अनेक दशके लावली आणि त्यांना अडाणी ठरवण्याचे कारण नाही. नायलॉन टायरची जाड बाजू दगड, खड्डे आणि मुख्यतः जादा वजन सहन करते, तो स्वस्त असतो आणि फुटला तर रस्त्याकडेच्या कोणत्याही दुकानात दुरुस्त होतो. रेडियलची बाजू तुलनेने पातळ. तिच्यावर नियमापेक्षा दीडपट भार टाकला, तर ती माफ करत नाही. महामार्ग सुधारले, वेग वाढला, तसे गणित उलटले आणि आता नव्या ट्रकवर कारखान्यातून बहुतेक रेडियलच येतात. खाणीत किंवा बांधकामावर चालणाऱ्या डंपरवर नायलॉन टायर आजही दिसतात आणि तिथे ते योग्यही आहेत.

समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात झाले तेव्हा ‘सिमेंटचा रस्ता टायर फोडतो’ असे सर्रास बोलले गेले. आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने हा प्रश्न आता ठाणे जिल्ह्याचाही आहे. टायर फुटतो तो साठलेल्या उष्णतेने आणि उष्णता साठते ती कमी हवा, जादा वजन आणि तासन्‌तास न मोडणारा वेग या तिघांच्या संगतीने. सिमेंटच्या रस्त्याचा त्यातला खरा वाटा हा, की तो वेग मोडू देत नाही. जो दुबळा टायर शहरातल्या रांगेत महिनोन्‌महिने तग धरून असतो, तो तिथे तासाभरात उघडा पडतो.

तेरा टक्के वजन, साठ टक्के झीज

आता रस्त्याकडे वळू. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ठरावीक वजनाचे ट्रक सतत फिरवून रस्ता किती खराब होतो याची मोजणी झाली. त्यातून जो ढोबळ नियम निघाला तो आजही जगभर वापरला जातो: एका एक्सलवरचा भार जितक्या पटीने वाढेल, त्याच्या चौथ्या घाताने रस्त्याची झीज वाढते. भार दुप्पट, तर झीज दोन-चार पट नव्हे, सोळा पट.

आपल्याकडे जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने मालवाहू वाहनांच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली, दोन एक्सलच्या ट्रकचे एकूण वजन १६.२ वरून १८.५ टन झाले आणि मोठ्या ट्रेलरची मर्यादा ४९ वरून ५५ टन. मागच्या एक्सलवर भार वाढला तेरा टक्क्यांनी. चौथ्या घाताने हिशेब केला, तर झीज वाढते सुमारे साठ टक्क्यांनी.

यावर वाहतूकदारांचा आक्षेप असा, की जास्त माल एका फेरीत गेला तर फेऱ्या कमी होतात आणि रस्त्याचा फायदाच होतो. आक्षेप अर्धा बरोबर आहे. रिकामा ट्रक सहा टनांचा धरला, तर माल १०.२ वरून १२.५ टनांवर जातो, म्हणजे पाच फेऱ्यांमागे जवळजवळ एका फेरीची बचत होते. पण झीज त्याहून वेगाने वाढत असल्याने दर टन मालामागे रस्ता पूर्वीपेक्षा तीसेक टक्के जास्तच झिजतो. डिझेल आणि धूर यांच्या दृष्टीने निर्णय लाभाचा, रस्त्याच्या दृष्टीने तोट्याचा. सरकारची बाजू अशी होती, की ट्रक पूर्वीपासून जादा भरले जातच होते. तेही नाकारता येत नाही.

हाच नियम खाली ताणला, तर एक पूर्ण भरलेला दोन एक्सलचा ट्रक रस्ता जेवढा झिजवतो तेवढे करायला हजारो, गणिताने तर सत्तर हजारांच्या घरात, मोटारी लागतात. इतका ताणलेला आकडा अक्षरशः घेऊ नये. तरीही आपल्या मोटारीने रस्ता खराब होतो असे समजून कोणी दुःखी होण्याची गरज नाही.

खरी मेख एक्सलमध्ये आहे. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार रुपये दंड आहे. पण वजनकाट्यावर सहसा पाहिले जाते ते एकूण वजन. घोडबंदरला पाटलीपाड्याच्या पुलाखाली पाच मिनिटे उभे राहिले तरी वर उचलून ठेवलेल्या चाकांचे ट्रक दिसतात. त्याला लिफ्ट एक्सल म्हणतात. गाडी रिकामी असताना तो उचलला की टायर आणि डिझेल दोन्ही वाचतात आणि त्यात गैर काहीच नाही. माल भरलेला असतानाही तो उचललेलाच राहिला, तर दोन एक्सलचा भार एकावर येतो, एकूण वजन नियमातच राहते, काटा काही बोलत नाही आणि त्या एका एक्सलखाली रस्त्याची झीज कित्येक पटींनी वाढू शकते. दंडाची रक्कम वाढवण्यापेक्षा एक्सलवार वजन करणे रस्त्याच्या जास्त कामाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘खड्डे पाण्याने पडतात, ट्रकला कशाला बोल लावायचा?’

खड्डा पाण्याशिवाय पडत नाही हे खरेच. डांबरी थराला बारीक भेग पडली, तिच्यात पाणी मुरले आणि वरून शंभर पौंडांच्या दाबाचे चाक गेले, की ते पाणी आत ढोसले जाते आणि चाक पुढे सरकताच बाहेर उसळते. असे हजारो वेळा झाले की खडीवरचे डांबर सुटते आणि मग खडी चाकाबरोबर उडू लागते. निचऱ्याची गटारे तुंबलेली असतील आणि डांबर कमी पडले असेल, तर हे काम लवकर होते. म्हणून ठेकेदारही सुटत नाही. भेग पाडतो तो भार आणि तिचा खड्डा करते ते पाणी.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या डांबरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी ३७ मध्ये, रस्त्याच्या खालच्या थरांवरचा ताण काढताना टायरचा दाब ०.५६ मेगापास्कल, म्हणजे सुमारे ऐंशी पौंड, धरला जातो. प्रत्यक्षात रेडियल आल्यापासून हवा एकशे दहा-वीस पौंडांवर गेली आहे. यात अभियंत्यांची चूक आहे असे लगेच म्हणता येत नाही, कारण खोलवरच्या थरांना एकूण भार महत्त्वाचा असतो, दाब नव्हे. वरच्या दोन-तीन इंचांना मात्र दाबाचा फरक चांगलाच जाणवतो आणि आपल्या रस्त्यांवरची चाकोरी व सोललेला पृष्ठभाग यांची सुरुवात तिथूनच होते.

त्यात रांगेची भर पडते. डांबर जोराने गेलेल्या चाकाला कडकपणे तोंड देते, पण चाक त्याच्यावर उभे राहिले तर हळूहळू दबत जाते. कापूरबावडीच्या सिग्नलजवळ किंवा उरण फाट्याला रस्त्याकडे खाली पाहावे: डांबराला लाटा आलेल्या असतात, थांबण्याची पांढरी रेघ मध्येच पुढे सरकून वाकडी झालेली असते. उन्हाळ्याच्या दुपारी ब्रेक लावून उभ्या राहिलेल्या चाकांनी तो थरच्या थर पुढे ढकललेला असतो. दिवसा प्रवेशबंदी घालून ट्रक एका जागी तुंबवून ठेवण्याचा हा न मोजला जाणारा खर्च आहे.

जोडी टायर की एकच रुंद टायर

मागच्या एक्सलवर प्रत्येक बाजूला दोन टायर शेजारी शेजारी असतात. परदेशात त्या जोडीच्या जागी एकच रुंद टायर बसवण्याची पद्धत वाढते आहे. युरोपात ट्रेलरखाली असे टायर बऱ्याच वर्षांपासून आहेत. अमेरिकेत मिशेलिनने २००० मध्ये त्याहून रुंद टायर बाजारात आणला. दोन टायरांना चार बाजू वाकतात, एकाला दोनच, म्हणून चाकाचा विरोध घटतो. एक रिम आणि एक टायर कमी झाल्याने वजन घटते आणि तेवढा माल जास्त भरता येतो.

रस्त्याची तक्रार इथे आहे. तोच भार कमी रुंदीवर आल्याने खालच्या थरावर ताण वाढतो. आयआरसी ३७ मध्येच हे आकड्यात दिसते: जोडी टायरांच्या एक्सलवर ८० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे आठ टन, भार असताना रस्त्याची जेवढी झीज होते, तेवढीच एकेरी टायरांच्या एक्सलवर ६५ किलोन्यूटनला, म्हणजे साडेसहा टनांच्या आसपासच, होते. हे साध्या एकेरी टायरचे झाले. नव्या अतिरुंद टायरांनी ही दरी बरीच कमी केली आहे, पण पातळ डांबराच्या रस्त्यावर ती पूर्ण बुजत नाही.

आपल्याकडे मला दुसरीच काळजी वाटते. जोडीतला आतला टायर बसला तरी गाडी बाहेरच्या टायरवर पुढच्या पंक्चरच्या दुकानापर्यंत जाते, एकेरी टायर फुटला तर जागच्या जागी थांबते. मुंब्रा बाह्यवळणावर असा एक ट्रेलर आडवा राहिला, तर कळवा-मुंब्र्याची संध्याकाळ वाया गेली समजावी. प्रत्येक टायरमधली हवा केबिनमध्ये दाखवणारी यंत्रणा सक्तीची झाल्याशिवाय आणि अशा टायरची दुरुस्ती सगळीकडे होऊ लागल्याशिवाय त्यांची घाई करू नये.

अर्थात जोडीलाही दोष आहे. कळंबोलीत पहाटे निघण्यापूर्वी क्लीनर टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा, घेऊन एकेक टायर ठोकत जातो आणि आवाजावरून हवा ओळखतो. टायर अगदी बसला असेल तर ते कळते, एकशे दहाचे नव्वद झाले असतील तर कळत नाही. आतल्या टायरची हवा कमी झाली, की त्याचा भार न बोलता बाहेरच्यावर जातो, बाहेरचा तापतो, आतला रस्त्यावर फरपटतो, दोन्ही अकाली झिजतात आणि रस्त्यालाही जोडीचा फायदा मिळत नाही. हवा मोजण्याचे मीटर टायरच्या किमतीपुढे फुकटात पडते, तरी ते वापरायला वेळ नसतो. कारण चालकाला पगार फेरीचा मिळतो, टायरच्या आयुष्याचा नव्हे.

झिजलेले रबर जाते कुठे?

‘टायर घासला’ असे आपण म्हणतो तेव्हा ते रबर नाहीसे झालेले नसते. ट्रक टायरचा तळ सव्वातीन मीटर घेराचा, तेवीस सेंटिमीटर रुंदीचा आणि वापरात सुमारे पंधरा मिलिमीटर झिजणारा धरला, त्यातून खाचांची जागा वजा केली, तर एका टायरचे नऊ-दहा किलो रबर रस्त्यावर उरते. बावीस टायरांच्या ट्रेलरचा एक संच संपेपर्यंत जवळजवळ दोनशे किलो. तीन एक्सलचा ट्रेलर आखूड वळण घेतो तेव्हा मागची चाके फिरण्यापेक्षा आडवी फरपटतात; बंदराच्या वाटेवर, सिमेंटच्या चौकांत जे काळे कमानदार पट्टे दिसतात, ते त्याच दोनशे किलोंतले.

यातला अगदी बारीक अंश हवेत राहतो, बाकीचा रस्त्याच्या कडेला साठतो आणि पहिल्या मोठ्या पावसात गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातो. सूक्ष्म कणांच्या रूपातच समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकपैकी सुमारे २८ टक्के टायरच्या झिजेतून येते, असा अंदाज आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१७ मध्ये मांडला होता. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ मध्ये संरक्षित झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला. ऐरोलीपासून वाशीपर्यंतचे नाले त्याच खाडीला मिळतात.

रबराला भेगा पडू नयेत म्हणून टायरमध्ये ‘सिक्स-पीपीडी’ नावाचे रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याचा संयोग झाला की एक नवे विषारी द्रव्य तयार होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पावसानंतर ओढ्यांमधले कोहो सॅमन मासे का मरतात, हे शोधताना संशोधकांना २०२० मध्ये त्याचा छडा लागला. सगळ्या माशांवर त्याचा तेवढाच परिणाम होतो असे नाही, त्यामुळे तिथला निष्कर्ष उचलून आपल्या खाडीला चिकटवणे चूक ठरेल. पण त्या रसायनाशिवाय टायर काही महिन्यांत तडकू लागतो, म्हणून ते नुसते काढून टाकताही येत नाही.

डिझेल वाचवणे, ओल्या रस्त्यावर पकड धरणे आणि कमी झिजणे या तीन गुणांची टायरमध्ये कायम ओढाताण असते. एक वाढवायला गेले की दुसरा घटतो. ट्रकच्या टायरमध्ये नैसर्गिक रबर जास्त असते, कारण ते कमी तापते आणि सहज कापले जात नाही. भारतात एआयएस १४२ या मानकाने २०२२ पासून नव्या टायरसाठी चाकाचा विरोध, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांच्या मर्यादा लागू केल्या. झिजेची मर्यादा त्यात नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत ती प्रथमच आली आणि मोटारींपासून ट्रकपर्यंत टप्प्याटप्प्याने लागू होणार आहे.

‘चांगला टायर परवडत नाही’

परवडतो, पण त्याचा हिशेब खरेदीच्या दिवशी न करता केसिंग संपेपर्यंत करावा लागतो. चांगल्या रेडियलचा सांगाडा शाबूत असेल, तर झिजलेल्या तळाच्या जागी नवा थर चढवता येतो. त्याला रिमोल्ड किंवा रिट्रेड म्हणतात. पन्नास-साठ किलोच्या टायरमध्ये फक्त तळाचे रबर नवे लागते, बाकी पोलाद आणि रबर तेच राहते. महामार्गावर पडलेली रबराची सालटी पाहून लोक रिमोल्डला नावे ठेवतात. ती नव्या टायरचीही असतात आणि बहुतेकदा मुळाशी कमी हवा असते. स्टिअरिंगच्या चाकांना मात्र नवाच टायर असावा, यावर जाणकारांचे दुमत नाही. जो टायर जादा भाराने एकदा आतून भाजला, त्याचा रिमोल्ड होत नाही. म्हणजे जादा टनाचे भाडे घेणारा मालक आपला पुढचा टायर त्याच फेरीत विकून टाकतो.

शेवटी उरलेल्या टायरचे काय, यासाठी जुलै २०२२ मध्ये केंद्राने उत्पादकांवर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली आणि तिचे प्रमाण २०२४-२५ पर्यंत शंभर टक्क्यांवर नेले. बंद भट्टीत टायर तापवून तेल काढण्यासाठी बाहेरच्या देशांतून जुने टायर आणण्यावरही बंदी आली. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याच्या बाजूला असे कारखाने ज्यांच्या गावाजवळ आहेत, त्यांना त्या धुराबद्दल वेगळे सांगायला नको.

‘विजेचे ट्रक आले की प्रश्न सुटेल’

न्हावाशेवा बंदरात विजेवर चालणारे ट्रक येऊ लागले आहेत आणि त्यांनी रांगेतला डिझेलचा धूर नक्कीच कमी होईल. टायरचा प्रश्न त्याने सुटत नाही, थोडा वाढतोच. बॅटरीचे वजन टनात असते आणि ते एक्सलवरच येते. विजेची मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे मागचे टायर लवकर घासतात. दुसरीकडे, एका चार्जिंगमध्ये गाडी किती धावेल हे चाकाच्या विरोधावर थेट ठरत असल्याने, डिझेलवाल्याने जे टायर महाग म्हणून नाकारले तेच विजेच्या ट्रकचा मालक स्वतःहून मागेल. त्या मागणीने कमी विरोधाचे टायर स्वस्त होतील; कमी झिजणारे टायर मात्र एआयएस १४२ मध्ये झिजेचा रकाना येईपर्यंत कोणी आपणहून बनवणार नाही.